मास्टर कृष्णराव

कृष्णराव गणेश फुलंब्रीकर ऊर्फ मास्टर कृष्णराव (जन्म : आळंदी, पुणे जिल्हा, २० जानेवारी १८९८, मृत्यू : पुणे, २० ऑक्टोबर १९७४) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक नट, शास्त्रीय गायक, नाटक व चित्रपटांचे संगीतकार आणि संगीतशिक्षक होते. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे ते पट्टशिष्य. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी गायक नट आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी काम केले. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या अनेक बोलपटांना त्यांनी संगीत दिले. गुरूने स्थापन केलेल्या पुण्याच्या भारत गायन समाजाची धुराही त्यांनी वाहिली. 'वंदे मातरम्' हे राष्ट्रगीत व्हावे यासाठी त्यांनी केलेला सांगीतिक लढा हा त्यांच्या आयुष्यातील एक स्वतंत्र अध्याय आहे.

बालपण

फुलंब्रीकर घराण्याचे आडनाव मराठवाड्यातील फुलंब्री या गावावरून आलेले असले, तरी कृष्णरावांचा जन्म श्रीक्षेत्र आळंदी येथे झाला. वडील गणेशपंत वैदिक ब्राह्मण होते. इंद्रायणीकाठचे हे गाव ज्ञानेश्वरांच्या समाधीचे. खेड तालुक्यातली ही आळंदी, तिच्या उत्तरेला आंबेगाव आणि त्याच्याही पलीकडे जुन्नर, या साऱ्या मुलखातील वारकरी कार्तिकी एकादशीला समाधीच्या दर्शनासाठी येथे गोळा होतात. टाळमृदंगाच्या साथीवरचे अभंग, कीर्तनातील पदे आणि वेदपाठातील स्वरोच्चार हेच अशा गावातल्या मुलाच्या कानावर पडणारे पहिले संगीत. कृष्णरावांनी पुढे 'कान्होपात्रा' नाटकातील अभंगांना ज्या चाली दिल्या, त्यांच्यामागे ही पार्श्वभूमी आहे हे विसरून चालत नाही.

लहानपणीच त्यांच्या आवाजातील गोडवा लोकांच्या लक्षात आला. त्या काळी मधुर गळ्याच्या मुलाला नाटक मंडळीचे दार सहज उघडे असे. मात्र घरंदाज कुटुंबात त्या दाराकडे संशयानेच पाहिले जाई.

नाटक मंडळीतील पहिले दिवस

वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास कृष्णराव नाट्यकला प्रवर्तक संगीत मंडळीत दाखल झाले. 'संत सखू' या नाटकात ते बाल विठ्ठलाचे काम करीत. याच मंडळीत त्या वेळी रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व होते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे तालीम घेतलेल्या या गायक नटाचे मार्गदर्शन छोट्या कृष्णाला मिळाले. कोवळ्या वयात प्रेक्षकांची दाद मिळवणाऱ्या बालनटांना तेव्हा 'मास्टर' हे उपपद लावण्याची पद्धत होती. बहुतेकांचे उपपद मिसरूड फुटताच गळून पडे. कृष्णरावांचे मात्र सत्तरी ओलांडल्यावरही टिकले. ज्याने आयुष्यभर शिकवले त्याला लोकांनी 'मास्टर' म्हणावे, हा योगायोगही गमतीचा.

बालनटाच्या कीर्तीला एक शाप असतो. ती आवाजावर उभी असते आणि आवाज फुटला की कोसळते. कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले यांनी हा अनुभव स्वतः घेतला होता. भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत होते आणि 'रामराज्यवियोग' नाटकातील त्यांची कैकेयी गाजली होती. परंतु वयात येताना आवाज फुटला आणि मंडळीतले त्यांचे दिवस संपले. त्यानंतर बडोद्यास फैज महंमद खाँ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि नंतर जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ अशा तीन गुरूंची सेवा करून त्यांनी गायनविद्या मिळवली. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी संगीतशिक्षकाची नोकरीही केली होती. रंगभूमीने टाकलेला मुलगा विद्येच्या बळावर गायनाचार्य झाला होता.

भास्करबुवांकडील शिक्षण

अशा गुरूकडे कृष्णराव १९११ च्या सुमारास आले. त्याच वर्षी भास्करबुवांनी पुण्यात गायन समाजाची स्थापना केली होती. आरंभी तिच्या नावात 'किर्लोस्कर' हा शब्द होता. पुढे ती भारत गायन समाज म्हणून प्रसिद्ध झाली. कृष्णरावांचे शिक्षण मात्र शाळेतील विद्यार्थ्याचे नव्हते, ते जुन्या गुरुकुल पद्धतीचे होते. गुरूच्या घरी राहणे, गुरूबरोबर प्रवास करणे, मैफलीत मागे तंबोरा घेऊन बसणे, गुरूने एखादी जागा सोडली की ती भरून काढणे आणि ती त्याच्या मनासारखी न झाल्यास दुसऱ्या दिवशी बोलणी खाणे, असा तो सुमारे अकरा वर्षांचा क्रम होता. पंजाब-सिंधपर्यंतच्या दौऱ्यांत उत्तरेकडील रसिकांसमोर गुरूची साथ करण्याची संधी त्यांना मिळाली.

भास्करबुवांच्या गायकीत ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही वाटा एकत्र आल्या होत्या. ख्यालातील भारदस्त मांडणी, बोलांशी खेळणारी लयकारी आणि तानेचा गुंतागुंतीचा पेच हे सारे एका गळ्यात नांदत होते. शिष्याने त्यातले काय उचलावे, हे शिष्याच्या पिंडावर अवलंबून असते. कृष्णरावांचा पिंड चपळ, खेळकर आणि क्षणोक्षणी नवे सुचणारा होता. त्यांनी गुरूकडून लयीचा खेळ आणि बंदिशीची जाण भरभरून घेतली. विलंबित ख्यालाचा संथ, दीर्घ विस्तार मात्र त्यांच्या गाण्यात फारसा आला नाही. याच शिष्यपरिवारात गोविंदराव टेंबे आणि बालगंधर्वही होते, तर पुढे पंजाबातून दिलीपचंद्र वेदी आले. तिघांची प्रकृती तीन प्रकारची होती. एकाच गुरूने त्यांच्यावर आपला एकच ठसा उमटवला नाही, ही भास्करबुवांच्या शिकवण्याची थोरवी म्हणावी लागेल.

याच काळात भास्करबुवा गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांना संगीत देत होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'स्वयंवर' (१९१६) आणि 'द्रौपदी' (१९२०) या नाटकांच्या चाली त्यांच्या. यमन, बिहाग, भीमपलास अशा रागांतील अस्सल बंदिशींवर मराठी शब्द बसवून त्यांनी नाट्यपदाला ख्यालाची खोली दिली. चीज निवडणे, तिच्या वजनाला शब्द जुळतात का ते पाहणे, नटाच्या गळ्याला ती पेलेल अशी करून देणे, हे काम कृष्णराव जवळून पाहत होते. संगीतकार म्हणून त्यांचे खरे प्रशिक्षण येथेच झाले.

८ एप्रिल १९२२ रोजी भास्करबुवांचे पुण्यात निधन झाले. कृष्णराव तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते. गुरूची गायकी मैफलीत टिकवणे, गंधर्व मंडळीच्या नव्या नाटकांना चाली देणे आणि गायन समाजाची शाळा चालू ठेवणे, अशा तीन जबाबदाऱ्या गुरूमागे उभ्या होत्या. त्या तिन्ही कमीअधिक प्रमाणात या तरुणाच्या खांद्यावर आल्या. कृष्णरावांचे पुढील आयुष्य म्हणजे या तिन्हींची ओढाताण आहे. एकीकडे वेळ दिला की दुसरीकडे उणे पडे.

गंधर्व नाटक मंडळी

गंधर्व नाटक मंडळीचे ते दिवस वैभवाचे होते आणि कर्जाचेही. 'द्रौपदी'च्या नेपथ्यावर व पोशाखांवर झालेल्या खर्चाने मंडळी वाकली होती, तरी बालगंधर्वांच्या नावावर नाट्यगृहे भरत होती. कृष्णराव या मंडळीत गायक नट म्हणून बालगंधर्वांबरोबर रंगमंचावर उभे राहिले. ज्याच्यासमोर गायचे त्याच्याच सुराचे कौतुक ऐकण्यासाठी प्रेक्षक आलेले आहेत, हे ठाऊक असताना आपले गाणे उभे करणे सोपे नसते. कृष्णरावांनी बालगंधर्वांच्या आर्त, लांबणाऱ्या सुरांशी स्पर्धा केली नाही. ते चटपटीत, वळणावळणाने जाणाऱ्या गाण्याने प्रेक्षकांना जिंकत.

त्यांचा अधिक मोठा वाटा संगीतकाराचा होता. खाडिलकरांचे 'मेनका' (१९२६) आणि 'सावित्री' (१९३३), ना. वि. कुलकर्णी यांचे 'कान्होपात्रा' (१९३१), तसेच 'अमृतसिद्धी' या नाटकांना त्यांनी संगीत दिले. यांपैकी 'कान्होपात्रा'चे स्थान वेगळे आहे. रागदारीच्या भरजरी पदांची सवय झालेल्या रंगभूमीवर त्यांनी संतांचा अभंग आणला. तो कीर्तनातल्या साच्यात न ठेवता आणि ख्यालाच्या वजनाखाली न दडपता त्यांनी मांडला. शब्द साधे राहिले, चाल ओठांवर बसणारी झाली, आणि गायकाला हवे तेव्हा तीत रागाचे दार उघडता येई. बालगंधर्वांनी हे अभंग पुढे नाटकाबाहेर, भजनाच्या बैठकीतही आयुष्यभर गायिले. रंगभूमीवरील भूमिका सुटल्यावर उतारवयात या गायकाला आधार दिला तो अशाच भक्तिपर रचनांनी.

भास्करबुवांच्या चाली अधिक भारदस्त आणि कृष्णरावांच्या अधिक चटकदार, अशी तुलना जाणकारांत नेहमी होते. तिच्यात तथ्य आहे, पण काळही बदलला होता हे लक्षात घ्यावयास हवे. १९१६ चा प्रेक्षक रात्रभर बसून एका पदाला अनेक 'वन्स मोअर' देत असे. १९३२ पासून मराठी बोलपट आला आणि थोडक्यात आटोपणाऱ्या गाण्याची गोडी प्रेक्षकाला लागली. कृष्णराव या दोन युगांच्या सांध्यावर उभे होते.

प्रभात चित्र आणि नंतरची रंगभूमी

बोलपटाच्या लाटेत संगीत नाटक मंडळ्या एकामागून एक कोसळल्या. बालगंधर्वही प्रभात फिल्म कंपनीत गेले. व्ही. शांताराम यांनी त्यांना संत एकनाथांच्या भूमिकेत घेऊन 'धर्मात्मा' (१९३५) काढला आणि त्याचे संगीत कृष्णरावांकडे दिले. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यास आली होती. त्यामुळे चित्रपटासाठी कृष्णरावांना पुणे सोडावे लागले नाही आणि गायन समाजाशी असलेला संबंध तुटला नाही. ही भौगोलिक गोष्ट क्षुल्लक वाटली, तरी त्यांच्या अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

'धर्मात्मा'नंतर 'अमरज्योती' (१९३६), 'वहाँ' (१९३७), 'गोपालकृष्ण' (१९३८), 'माणूस' (१९३९, हिंदीत 'आदमी') आणि 'शेजारी' (१९४१, हिंदीत 'पडोसी') या प्रभातच्या चित्रपटांना त्यांचे संगीत होते. 'माणूस'मध्ये शांता हुबळीकर यांनी गायिलेले एक गीत अनेक भाषांतील कडव्यांचे आहे. प्रत्येक कडव्याला त्या त्या प्रांताच्या गाण्याची धाटणी देताना मूळ चालीचा धागा सुटू दिलेला नाही. रागांत मुरलेला गायक एवढे हलकेफुलके, नेमके काम करू शकतो, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले. 'शेजारी' हा हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीवरचा चित्रपट. त्यातील समूहगीतेही लोकांच्या तोंडी होती. राजकमलच्या 'भक्तीचा मळा' (१९४४) या चित्रपटात तर त्यांनी स्वतः सावता माळ्याची भूमिका केली. पुष्कळ वर्षांनी आलेल्या 'कीचकवध' (१९५९) या चित्रपटातील लता मंगेशकर यांनी गायिलेले त्यांचे गीत आजही ऐकले जाते.

मो. ग. रांगणेकर यांच्या नाट्यनिकेतन संस्थेच्या 'कुलवधू' (१९४२) या नाटकाला कृष्णरावांनी दिलेले संगीत हा मराठी नाट्यसंगीतातील एक महत्त्वाचा टप्पा आहे. रांगणेकरांचे नाटक आटोपशीर, घरगुती आणि आधुनिक होते. स्त्रियांची कामे स्त्रियाच करीत होत्या. ज्योत्स्ना भोळे यांच्या भावमधुर गळ्यासाठी त्यांनी मोजक्या पदांना अशा चाली दिल्या, की पद संपताच संवाद पुढे चालू व्हावा. गंधर्व मंडळीत ज्यांनी तासभर पद रंगताना पाहिले, त्यांनीच गाण्याला आवर घालून दाखवला.

गायक म्हणून

मैफलीत कृष्णराव श्रोत्यांशी खेळत. एखाद्या रागात गाता गाता ते अलगद दुसऱ्या रागाची सावली दाखवीत आणि श्रोता चमकला की हसत मूळ ठिकाणी परत येत. अनपेक्षित जागी सम गाठणे, ठुमरीच्या अंगाने एखादा बोल लाडिकपणे वळवणे, नाट्यपदाच्या एकाच ओळीची नाना रूपे दाखवणे हे त्यांचे विशेष. त्यांनी काही जोडराग रचले आणि अनेक बंदिशीही बांधल्या. कठोर समीक्षकांना ही गायकी चंचल वाटे, तीत रागाचे गांभीर्य टिकत नाही असा आक्षेप ते घेत. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्या चंचलतेच्या मागे रागाच्या सीमारेषांचे पक्के ज्ञान होते. ज्याला हद्द नेमकी ठाऊक असते, त्यालाच ती ओलांडून परतता येते. त्यांना 'संगीतकलानिधी' ही पदवी मिळाली होती.

अध्यापन आणि भारत गायन समाज

नट, गायक आणि संगीतकार या नात्यांनी कृष्णराव ख्यातनाम झाले, तरी त्यांच्या अध्यापनाची नोंद बहुधा एका ओळीत उरकली जाते. वास्तविक हे काम त्यांनी सर्वांत अधिक काळ केले. भारत गायन समाजाची कल्पनाच त्या काळी धाडसाची होती. गाणे हे घराण्यातील मुलांना किंवा गुरूची वर्षानुवर्षे चाकरी करणाऱ्याला मिळे. नोकरी-व्यवसाय सांभाळून संध्याकाळी येणारा कारकून, शाळेत जाणारा मुलगा किंवा मध्यमवर्गीय घरातील मुलगी यांना ते माफक फीमध्ये, ठरलेल्या वेळी, वर्गात बसून शिकता यावे, यासाठी ही शाळा होती.

येथे कृष्णरावांपुढे एक पेच होता. ते स्वतः शिकले ते गुरूमागे बसून, कानाने. लिहून घेणे हा त्या शिक्षणाचा भाग नव्हता. वर्गातील वीस विद्यार्थ्यांना मात्र त्या रीतीने शिकवता येत नाही. त्यांना क्रम हवा, पाठ हवा, घरी जाऊन पाहता येईल असे काही लिखित हवे. विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वरलिपीसह बंदिशींचे भाग छापून ही वाट मोकळी केली होती आणि विनायकराव पटवर्धनांनीही 'रागविज्ञान' मालेतून तेच केले. कृष्णरावांनी आपल्या परंपरेतील आणि स्वतःच्या बंदिशी स्वरलिपीबद्ध करून 'रागसंग्रह' या मालेचे सात भाग सिद्ध केले. रंगमंचावर एक जागा दोनदा सारखी न घेणाऱ्या गायकाने बंदिशीचे एक नेमके रूप कागदावर बांधावे, यात अंतर्विरोध दिसतो. पण शिक्षक म्हणून त्यांनी विद्यार्थ्याची गरज स्वतःच्या स्वभावाच्या वर ठेवली. पुस्तकामुळे भास्करबुवांच्या परंपरेतील पुष्कळ चिजा नष्ट होण्यापासून वाचल्या.

वर्गाखेरीज त्यांनी मोजक्या शिष्यांना समोर बसवून तालीमही दिली. राम मराठे 'गोपालकृष्ण'मध्ये पेंद्याची भूमिका करणारे बालनट होते. मास्तरांची तालीम मिळून तेही पुढे मैफल आणि संगीत रंगभूमी अशा दोन्ही ठिकाणी गाजले. बालनटाला विद्या देऊन गायक करण्याची भास्करबुवांची परंपरा अशी आणखी एक पिढी पुढे गेली. कथालेखिका म्हणून प्रसिद्ध असलेल्या योगिनी जोगळेकर याही त्यांच्याच शिष्या. कन्या वीणा चिटको यांनी गायनाबरोबर संगीतरचनेतही वडिलांचा वारसा चालवला.

'वंदे मातरम्' आणि बुद्धवंदना

बंकिमचंद्र चतर्जी यांच्या 'वंदे मातरम्' या गीताला कृष्णरावांनी झिंझोटी रागात चाल दिली आणि ते आपल्या कार्यक्रमांत गाऊ लागले. इंग्रजी अंमलात मुंबई नभोवाणीवरील कार्यक्रमात त्यांनी हे गीत गाण्यास आरंभ केला, तेव्हा ध्वनिक्षेपण मध्येच थांबवण्यात आले. त्यानंतर त्यांनी नभोवाणीवर गाणे बंद केले. लोकप्रियता आणि उत्पन्न या दोन्ही दृष्टींनी हा तोट्याचा निर्णय होता, तरी स्वातंत्र्य येईपर्यंत त्यांनी तो मोडला नाही.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न आला. 'वंदे मातरम्' समूहाने एकत्र गाता येत नाही आणि वाद्यवृंदावर वाजवता येत नाही, असा आक्षेप होता. पंडित जवाहरलाल नेहरू यांचा कल 'जन गण मन'कडे होता. त्या गीताची धून परदेशी वाद्यवृंदावर चांगली वाजली होती. कृष्णरावांनी हा आक्षेप भावनेने नव्हे, संगीताने खोडण्याचे ठरवले. समूहाला झेपेल अशी सुटसुटीत, संचलनाच्या लयीतील चाल त्यांनी बांधली, बँडसाठी तिचे पाश्चात्त्य स्वरलेखन करून घेतले, आणि दिल्लीस जाऊन संविधान सभेच्या सदस्यांसमोर ती गाऊन व वाजवून दाखवली. त्यासाठीच्या प्रवासाचा आणि ध्वनिमुद्रणाचा व्याप त्यांनी स्वतः अंगावर घेतला होता.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत असल्याचे संविधान सभेत जाहीर केले. 'वंदे मातरम्'ला समान सन्मान राहील असेही सांगितले. कृष्णरावांना हवे होते ते पूर्ण झाले नाही. मात्र वाद्यवृंदावर हे गीत वाजू शकत नाही, हा आक्षेप त्यांनी निकालात काढला होता. राष्ट्रगीताचा निर्णय होताना सांगीतिक कारणांखेरीज इतरही विचार प्रभावी होते, हे त्या काळचा इतिहास वाचताना लक्षात येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सूचनेवरून कृष्णरावांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेला चाल दिली. १९५६ साली तिचे ध्वनिमुद्रण झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वैदिक घराण्यात जन्मलेल्या, अभंग गाऊन मोठ्या झालेल्या गायकाने हे काम त्याच निष्ठेने केले. धर्मांतराच्या काळात अनेकांच्या मनात असलेला आडपडदा त्यांच्या वागण्यात दिसत नाही.

अखेरचा काळ

भारत सरकारने १९७१ साली कृष्णरावांना पद्मभूषण किताब दिला. त्यानंतर संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. उतारवयात त्यांचे जाहीर गाणे कमी झाले, परंतु शिकवणे आणि बंदिशींचे लेखन चालू होते. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्यातील भारत गायन समाजात संगीताचे वर्ग पुढेही भरत राहिले.